'दिन' की 'दीन'? लिखाणातल्या चुका कशा शोधायच्या, कशा सुधारायच्या आणि कुठे थांबायचं

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, सोशल मीडिया मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांनी भरून जातो. त्यातल्या काही पोस्टवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'मराठी भाषा दीनाच्या हार्दिक शुभेच्छा!' दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, बापुडवाणा. एका वेलांटीने शुभेच्छांची शोकसभा होते.

मग खाली कमेंट्स सुरू होतात. कुणी हसतं, कुणी 'आधी मराठी शिका' म्हणून सुनावतं. गंमत म्हणजे सुनावणाऱ्याच्या वाक्यातही एखादं टिंब हरवलेलं असतंच. आणि ज्याला सुनावलं, तो पुढच्या वेळी रोमन लिपीत लिहितो किंवा सरळ इंग्रजीत.

चूक सांगितली नाही तर अर्थ बिघडतो आणि चुकीच्या पद्धतीने सांगितली तर माणूस लिहायचाच थांबतो. म्हणूनच लिखाणातली चूक म्हणजे नेमकं काय, ती आपण आणि मशीन कशी शोधतो आणि कुठली गोष्ट चूक वाटली तरी चूक नसते, हे समजून घेऊया.

शुद्धलेखन आणि व्याकरण एकच का?

नाही. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना 'व्याकरणाची चूक' म्हणतो, पण या वेगळ्या गोष्टी आहेत.

व्याकरण म्हणजे भाषा चालते कशी याचे नियम. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबे खाल्ले' यातला फरक शाळेत न गेलेल्या मराठी माणसालाही कळतो. तो आपण ऐकून ऐकून शिकलेलो असतो.

शुद्धलेखन म्हणजे ती भाषा कागदावर किंवा स्क्रीनवर कशी उतरवायची याबद्दल ठरवलेली पद्धत. 'की' दुसऱ्या वेलांटीने आणि 'आणि' पहिल्या वेलांटीने लिहायचं, हे कानाला कळत नाही. ते कुणीतरी ठरवलेलं असतं आणि आपल्याला शिकावं लागतं. म्हणूनच अनेक अभ्यासक 'शुद्धलेखन' ऐवजी 'प्रमाणलेखन' हा शब्द वापरतात. एखादं लेखन प्रमाण असतं किंवा नसतं. त्यात शुद्ध-अशुद्ध असं काही नाही.

हे नियम ठरवले कुणी?

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. पण कसं लिहायचं यावर एकमत व्हायला बराच वेळ लागला.

आज आपण जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. त्यातले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी ४ नियमांची भर पडली. असे एकूण १८ नियम.

या नियमांमुळे झालेला एक मोठा बदल जुन्या पुस्तकांत सहज दिसतो. आधी 'नांव', 'पांच', 'कांहीं' असं लिहायचे. उच्चारात नसलेले हे अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले. 'कवि', 'पद्धति' हे 'कवी', 'पद्धती' झाले.

म्हणजे तुमच्या आजोबांच्या पत्रात 'नांव' दिसलं, तर ती चूक नाही. त्यांच्या शाळेत तेच बरोबर होतं. 'चूक' ठरवताना कोणत्या काळाचा नियम लावतोय हेही पाहावं लागतं.

नेहमी दिसणाऱ्या सहा चुका

१. गायब झालेलं टिंब

बोलीतल्या 'केलं', 'झालं', 'माझं', 'मुलं' या शब्दांवर टिंब लागतं. औपचारिक लिखाणात आपण 'केले', 'झाले', 'माझे', 'मुले' असं लिहितो. पोस्ट आणि चॅटमध्ये बोलीची रूपं अगदी योग्य आहेत, पण टिंब टाकायचा कंटाळा केला की 'केल', 'झाल', 'माझ' असे अर्धवट शब्द तयार होतात.

कधी कधी टिंब गेल्याने अर्थच बदलतो. ही दोन वाक्यं पाहा.

'आईच घर सांभाळते.' म्हणजे घर दुसरं कुणी नाही, आईच सांभाळते.
'आईचं घर सांभाळते.' म्हणजे कुणीतरी मुलगी आईच्या घराची काळजी घेते.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फरक फक्त एका टिंबाचा.

अनेकवचनातही हेच होतं. 'लोकाना' नाही, 'लोकांना'. 'मुलानी' नाही, 'मुलांनी'. आदराने बोलतानाही टिंब येतं, जसं 'मुख्यमंत्र्यांनी', 'आजोबांना', 'सरांचा'.

२. पहिली की दुसरी वेलांटी?

इथे १८ नियम तोंडपाठ करायची गरज नाही. तीन-चार खुणा लक्षात ठेवल्या तरी बरंच काम होतं.

शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो सहसा दीर्घ असतो. कवी, गुरू, वस्तू, पद्धती, श्रद्धांजली, पुण्यतिथी. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे नेहमीचे अपवाद. मात्र असा संस्कृत शब्द समासात पुढे आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. गुरू पण गुरुपौर्णिमा, कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिमत्ता.

'इक' प्रत्यय लागून झालेल्या शब्दांत पहिली वेलांटी. हार्दिक, सामाजिक, आर्थिक, ऐतिहासिक. त्यामुळे 'हार्दीक शुभेच्छा' नाही.

प्रत्यय लागला की मराठी शब्दातला दीर्घ बहुतेक वेळा ऱ्हस्व होतो. दूध पण दुधात, फूल पण फुलांचा, जमीन पण जमिनीवर, बहीण पण बहिणीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत. शरीर आणि शरीरात, गीत आणि गीताला.

'परीक्षा', 'निरीक्षण', 'प्रतीक्षा' यांच्यात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. परि अधिक ईक्षा म्हणजे परीक्षा. म्हणून 'री' दीर्घ.

३. जोडायचं की तोडायचं?

'घरा समोर', 'त्या मुळे', 'मुला साठी' ही रूपं आता सर्रास दिसतात. समोर, मुळे, साठी, वर, खाली, पर्यंत ही शब्दयोगी अव्ययं आहेत, म्हणजे ती आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायची. घरासमोर, त्यामुळे, मुलासाठी.

मोबाइलच्या कीबोर्डचाही यात वाटा आहे. सुचवलेला शब्द निवडला की बहुतेक कीबोर्ड पुढे आपोआप मोकळी जागा सोडतात. 'घरा' निवडलं, जागा पडली, मग 'समोर' निवडलं.

जागेमुळेही अर्थ बदलतो. 'मी पण येतो' म्हणजे मीसुद्धा येतो. पण 'मीपण' म्हणजे अहंकार.

४. जोडाक्षरांची गडबड

शब्द कसा तयार झाला ते कळलं की ही चूक टळते. उत् अधिक ज्वल म्हणजे 'उज्ज्वल', म्हणून दोन ज. महत् अधिक त्व म्हणजे 'महत्त्व', म्हणून दोन त. तसंच तत्त्व, सत्त्व आणि व्यक्तिमत्त्व. पण 'नेतृत्व', 'कर्तृत्व', 'अस्तित्व' यांच्यात मूळ शब्दाला त् नाही, म्हणून एकच त. आणि 'आर्शिवाद' नाही, 'आशीर्वाद'. तो रफार 'वा'वर आहे.

५. क्रियापद भलत्याशीच जुळतं

'जिल्हाधिकाऱ्यांनी पूरग्रस्त गावांमधल्या नागरिकांपर्यंत तातडीची मदत पोहोचवण्याचे आदेश दिली आहे.'

एकेक शब्द पाहिला तर सगळे बरोबर. चूक वाक्यात आहे. काय दिलं? आदेश. म्हणून 'आदेश दिले आहेत'. वाक्य लांबलं की लिहिणारा मधल्याच शब्दाशी क्रियापद जुळवतो, इथे 'मदत'शी. 'ने' किंवा 'नी' लागलेला कर्ता आणि भूतकाळ एकत्र आले की क्रियापद सहसा कर्माच्या मागे जातं. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागलं असेल तर मात्र ते तटस्थ राहतं, जसं 'आईने मुलीला बोलावलं'.

६. नक्की कोण रस्ता ओलांडत होतं?

'रस्ता ओलांडताना बसने महिलेला धडक दिली.'

बातम्यांमध्ये दिसणारी ही रचना. वाचणाऱ्याला कळतं की रस्ता महिला ओलांडत होती, पण वाक्य तसं म्हणत नाही. 'रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला बसने धडक दिली' असं लिहिलं की गोंधळ संपतो. अपघात, गुन्हा, आरोप यांबद्दल लिहिताना ही काळजी फार महत्त्वाची, कारण कुणी काय केलं हेच तिथे बदलू शकतं.

आता मशीन चूक कशी पकडतं ते पाहू

सगळ्यात जुनी पद्धत सोपी आहे. संगणकाकडे शब्दांची यादी असते. तुम्ही लिहिलेला शब्द यादीत नसेल तर त्याखाली लाल रेघ येते.

मग बरोबर शब्द सुचवायचा कसा? १९६४ मध्ये फ्रेड डॅमेराउ या संशोधकाने दाखवलं की त्याने तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या होत्या. एक अक्षर जास्त पडणं, एक गळणं, एकाच्या जागी दुसरं येणं किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. पुढच्याच वर्षी व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने दोन शब्दांमधलं 'अंतर' मोजायची पद्धत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात, ते हे अंतर. 'हार्दीक' आणि 'हार्दिक' यांच्यात अंतर एक. म्हणून मशीन तो शब्द सुचवतं.

पण ही पद्धत 'दीन'वर हरते. 'दीन' हा खरा शब्द आहे, यादीत आहे, त्यामुळे लाल रेघ येत नाही. 'आईच' आणि 'मीपण' यांचंही तेच. खऱ्या शब्दांच्या वेशात आलेली चूक पकडायची तर आजूबाजूचं वाक्य पाहावं लागतं.

त्यासाठी तीन मार्ग वापरले गेले.

पहिला मार्ग नियमांचा. 'कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी असेल तर खूण कर' असे शेकडो नियम माणसं लिहून देतात.

दुसरा मार्ग आकडेवारीचा. भरपूर मजकूर गोळा करून कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. 'भाषा गौरव' नंतर 'दिन' अनेकदा दिसतो, 'दीन' क्वचित. म्हणजे इथे काहीतरी गडबड आहे.

तिसरा मार्ग भाषांतराचा. चुकांनी भरलेलं वाक्य ही एक भाषा आणि दुरुस्त वाक्य ही दुसरी, असं मानून मशीनला एकातून दुसऱ्यात भाषांतर करायला शिकवायचं. त्यासाठी चुकीच्या आणि दुरुस्त वाक्यांच्या खूप जोड्या लागतात. त्या विद्यार्थ्यांच्या तपासलेल्या निबंधांतून मिळतात, विकिपीडियावर लोकांनी केलेल्या संपादनांतून मिळतात किंवा बरोबर वाक्यांत मुद्दाम चुका घालून तयार करतात.

मराठीत हे अवघड का?

इंग्रजीत 'हाउस' या शब्दाची रूपं बोटांवर मोजता येतात. आता 'घर' पाहा. घराला, घराने, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांनीसुद्धा. एकाच शब्दाची रूपं वाढतच जातात. ही सगळी यादीत ठेवणं शक्य नाही.

वर प्रत्यय लागायच्या आधी मूळ शब्दही बदलतो. मूल पण मुलाला, पाणी पण पाण्यात, भाऊ पण भावाने, विहीर पण विहिरीत. कोणता शब्द कसा बदलणार हे मशीनला वेगळं सांगावं लागतं.

यावर एक उत्तर हंगेरीतून आलं. हंगेरियन भाषेतही शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागतात. तिथल्या लास्लो नेमेत या प्रोग्रामरने 'हन्स्पेल' हे स्पेलचेकर तयार केलं. त्यात मूळ शब्दांची एक फाइल असते आणि कोणत्या प्रकारच्या शब्दाला कोणते प्रत्यय लागतात याची दुसरी. फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिसमध्ये हन्स्पेल वापरलं जातं. मराठीसारख्या भाषेला ही रचना सोयीची, पण त्या दोन फाइल किती बारकाईने भरल्या आहेत यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. यातला 'ऱ्य' टाइप करायच्या युनिकोडमध्ये दोन पद्धती आहेत. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲप'मधल्या 'ॲ'चंही तसंच. काही कीबोर्ड ते एकच अक्षर म्हणून लिहितात, काही 'अ'वर चंद्र चढवतात. त्यामुळे तुमचा बरोबर लिहिलेला शब्दही मशीन चूक ठरवू शकतं आणि सर्चमध्ये तो सापडत नाही.

मशीनकडून शिकण्यासारखी एक गोष्ट

समजा, एका मजकुरात ३० चुका आहेत आणि त्या शोधायला दोन टूल्स बसवली.

पहिल्याने फक्त १० ठिकाणी खूण केली. त्यातल्या ९ खऱ्या चुका निघाल्या.
दुसऱ्याने ४० ठिकाणी खूण केली. त्यातल्या २० खऱ्या चुका होत्या, पण उरलेल्या २० जागा मुळात बरोबर होत्या.

कोणतं टूल चांगलं? दुसऱ्याने चुका जास्त पकडल्या. पण त्याने २० बरोबर शब्दांनाही चूक ठरवलं.

संशोधकांपुढेही हाच प्रश्न होता. इंग्रजीतल्या व्याकरणचुका दुरुस्त करणाऱ्या प्रणालींची 'कॉनल' परिषदेत स्पर्धा झाली. २०१३ मध्ये गुण देताना 'किती चुका पकडल्या' आणि 'पकडलेल्यातल्या किती खऱ्या' या दोन्हींना सारखं वजन होतं. २०१४ मध्ये ते बदललं आणि दुसऱ्या गोष्टीला दुप्पट वजन दिलं. वरच्या उदाहरणात २०१३च्या मापाने दुसरं टूल जिंकतं आणि २०१४च्या मापाने पहिलं.

कारण साधं आहे. एखादी चूक सुटली तर लिहिणाऱ्याचं फार बिघडत नाही, ती आधीपासून होतीच. पण बरोबर शब्दाला चूक म्हटलं तर नवी चूक तयार होते आणि लिहिणाऱ्याचा टूलवरचा विश्वासही उडतो.

पुढे सिंगापूरमधल्या संशोधकांनी याच स्पर्धेतले निबंध दहा जणांकडून तपासून घेतले. त्या दहा जणांच्या दुरुस्त्याही एकमेकांशी पूर्णपणे जुळल्या नाहीत. एकाच वाक्याची दुरुस्ती अनेक प्रकारे होऊ शकते.

मग एआयला विचारलं तर?

आताचे एआय चॅटबॉट अख्खं वाक्य पाहतात, त्यामुळे 'दीन'सारखी चूक ते पकडू शकतात. पण त्यांची अडचण उलटी आहे. त्यांना 'दुरुस्त कर' सांगितलं की ते जे बरोबर आहे तेही बदलतात. तुमचं 'केलं' ते 'केले' करतील, साध्या वाक्याचं सरकारी परिपत्रक करतील, आजीचा शब्द काढून पुस्तकी शब्द घालतील. वाक्य चकचकीत होतं, पण ते तुमचं राहत नाही.

म्हणून विचारताना नेमकं विचारा. 'फक्त लेखनाच्या चुका दाखव, वाक्यं बदलू नकोस आणि प्रत्येक बदलाचं कारण सांग.' कारण पटलं नाही तर शब्दकोश उघडा. मो. रा. वाळंबे यांचं 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ही पुस्तकं याच कामासाठी आहेत. कोणत्या शब्दाचं प्रत्यय लागल्यावर काय होतं, तेही कोशात पाहायला मिळतं.

चूक वाटते, पण चूक नाही

आता सगळ्यात नाजूक भाग. बरोबरला चूक म्हणण्याची सवय मशीनपेक्षा आपल्याला जास्त आहे.

विदर्भातला माणूस 'मला' ऐवजी 'मले' आणि 'तुला' ऐवजी 'तुले' म्हणतो. हा वऱ्हाडीचा नियम आहे. 'पानी' आणि 'आनी' म्हणणाऱ्या बोलीत न आणि ण वेगळे नसतात. 'मी गेले' ऐवजी 'मी गेली' म्हणणाऱ्या बायका तुम्हाला अनेक भागांत भेटतील. या बोलींना स्वतःचं व्याकरण आहे. फक्त ते पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही.

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली. ती खानदेशच्या बोलीत आहेत. त्यांना आजचा स्पेलचेकर लावला तर ओळीओळीला लाल रेघा येतील आणि प्रत्येक रेघ 'दुरुस्त' केली तर बहिणाबाई उरणार नाहीत.

दुसरा गट आहे वादाच्या जागांचा. नियमाप्रमाणे सर्वनामाच्या अनेकवचनावर टिंब येतं, म्हणून 'तुम्हांला', 'आम्हांला'. पण छापील मजकुरात आता बहुतेक ठिकाणी 'तुम्हाला' दिसतं. 'मला मदत कर' हे रूढ मराठी आणि 'माझी मदत कर' हा हिंदीचा प्रभाव, असं अनेक जाणकार सांगतात, तरी नव्या पिढीच्या तोंडी दुसरं रूप रुळतंय. अशा ठिकाणी 'रूढ रूप हे आहे' इतकं सांगावं. 'तुला मराठी येत नाही' हा निष्कर्ष काढू नये.

याचा अर्थ कुठेही काहीही चालतं असा नाही. नोकरीचा अर्ज, बातमी, सरकारी सूचना, शाळेचं पुस्तक इथे सगळ्यांना सारखं कळेल असं प्रमाण लेखनच हवं. औषध किती वेळा घ्यायचं हे सांगणाऱ्या मेसेजमध्ये टिंबाचा खेळ परवडत नाही. कुठे काय लिहितोय, त्यावर कोणता नियम लावायचा ते ठरतं.

पोस्ट करण्याआधी पाच मिनिटं

• थोडं थांबा. लिहून झाल्याबरोबर वाचलं तर डोळे लिहिलेलं नाही, मनातलं वाचतात. दहा मिनिटांनी परत वाचा.
• मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाक्य बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त.
• प्रत्येक वाक्याचं क्रियापद शोधा आणि 'कुणी?', 'काय?' असं विचारा. उत्तराशी क्रियापद जुळतंय का ते पाहा.
• एका फेरीत एकच गोष्ट तपासा. आधी फक्त टिंबं, मग वेलांट्या, मग मोकळ्या जागा.
• आपल्या नेहमीच्या चुकांची यादी फोनमध्ये ठेवा.  'कि' हा शब्द शोधून 'की' करणं तर काही सेकंदांचं काम.
• कीबोर्डने शिकलेले चुकीचे शब्द काढून टाका. तुम्ही 'शुभेछा' वारंवार लिहिलंत तर तो तेच सुचवत राहतो. सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की अनेक कीबोर्डमध्ये तो काढायचा पर्याय मिळतो.

आणि दुसऱ्याची चूक दाखवताना?

आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही खरंच चूक आहे की बोली, जुनं रूप किंवा वादाची जागा? यामुळे अर्थ बदलतोय का? आणि मला नियम नक्की माहीत आहे का?

तिन्हींचं उत्तर स्पष्ट असेल तर जरूर सांगा, पण शक्यतो मेसेजमध्ये. 'दीन नाही, दिन. दीन म्हणजे गरीब' एवढं पुरतं. कारण सांगितलं तर समोरच्याच्या लक्षात राहतं. नुसतं हसलात तर फक्त अपमान लक्षात राहतो.

आणि वादात मुद्दा संपला म्हणून समोरच्याच्या वेलांट्या मोजू नका. लेखनात चूक असलेलं म्हणणं खरं असू शकतं आणि निर्दोष मराठीतली अफवा ही अफवाच असते.

थोडक्यात

लिखाणातल्या चुका तीन थरांवर असतात. जो शब्दच नाही असा शब्द, खरा पण भलत्या जागी आलेला शब्द आणि शब्द बरोबर असून बिघडलेलं वाक्य. पहिला थर मशीन सहज पकडतं, दुसऱ्या थरावर ते अडखळतं आणि तिसऱ्यासाठी मोठ्याने वाचणारा माणूस लागतो. या तिघांशिवाय चौथाही एक थर आहे, तो म्हणजे मुळात चूकच नसलेल्या गोष्टींचा. तो ओळखता आला तर पुढच्या २७ फेब्रुवारीला 'दीन' लिहिणाऱ्याला 'दिन' सांगता येईल आणि तो त्याच्या पुढच्या वर्षीही मराठीतच शुभेच्छा देईल.